शत्रू समोर नसतानाचं शौर्य

ग्रेनेडची पिन उपसली म्हणून तो लगेच फुटत नाही. त्याच्या अंगाला चिकटून एक वाकडी पट्टी असते, तिला लिव्हर म्हणतात. ती तळहाताखाली घट्ट दाबलेली आहे तोवर आतलं काहीच हलत नाही. पकड सुटली की मात्र लिव्हर उडते, आतली स्प्रिंग मोकळी होते, खटका एका छोट्या टोपीवर आपटतो आणि नळीतला मसाला जळायला लागतो. अमेरिकी सैन्याच्या एम-६७ ग्रेनेडमध्ये हा मसाला जळत स्फोटकापर्यंत पोचायला ४ ते ५ सेकंद लागतात. भारतीय जवानांनी कित्येक दशकं वापरलेला ३६ नंबरचा ग्रेनेड मूळचा ब्रिटिशांचा. त्याला आधी ७ सेकंद होते, दुसऱ्या महायुद्धात ते ४ वर आणले, कारण ७ सेकंदांत समोरचा माणूस सावध होऊन आडोशाला जाऊ शकतो किंवा तोच ग्रेनेड उचलून परत फेकू शकतो.

एम-६७चं वजन जेमतेम ४०० ग्रॅम. पण ५ मीटरच्या आतला माणूस वाचणं कठीण, १५ मीटरपर्यंतचा माणूस जबर जखमी होण्याची दाट शक्यता, आणि एखादी किरच २३० मीटरपर्यंतही जाते.

आता सरावाचं मैदान बघा. छातीइतक्या उंच भिंतीआड दोघं उभे आहेत, एक नवा जवान आणि त्याला शिकवणारा एक उस्ताद. जवानानं महिनोन् महिने खोटे ग्रेनेड फेकलेत, खरा आज पहिल्यांदाच हातात आलाय. तळहाताला घाम सुटलाय. हात मागे नेताना बोटं सैल पडतात, किंवा फेकताना मनगट भिंतीच्या कडेला आपटतं. ग्रेनेड दोघांच्या पायाशी पडतो आणि घरंगळतो.

एखादी अपेक्षित गोष्ट दिसल्यावर शरीर हलायला साधारण पाव सेकंद लागतो. अनपेक्षित गोष्टीला याच्या कितीतरी पट जास्त. कारण आधी काय झालंय ते कळावं लागतं, मग ते खरं वाटावं लागतं, मग काय करायचं ते ठरवावं लागतं. नवा जवान बहुधा तिथेच थिजतो. यात भित्रेपणा नाही. अचानक आलेल्या संकटात पुष्कळ माणसं पळतही नाहीत आणि लढतही नाहीत, नुसती उभी राहतात. उस्तादाकडे मात्र आता ३ सेकंद उरलेत, किंवा कदाचित त्याहूनही कमी. ग्रेनेड उचलून फेकावा, तर मसाला किती जळलाय ते बाहेरून दिसत नाही. एकट्यानं भिंतीपलीकडे उडी मारावी, तर ते सहज जमण्यासारखं आहे. वाट माहीत आहे, अंगाला सवय आहे.

तो तसं करत नाही. जवानाला कमरेच्या पट्ट्याला किंवा चिलखताच्या गळ्याला धरून भिंतीपलीकडे ढकलतो आणि स्वतः त्याच्यावर पालथा पडतो. मध्ये भिंत येते, खाली जवान, वर उस्तादाची पाठ. धूळ खाली बसते. दोघांच्या कानांत शीळ वाजत राहते.

जगभरातल्या सैन्यांच्या सराव मैदानांवर असे प्रसंग घडले आहेत आणि काहींची चित्रफीतही उपलब्ध आहे. त्या पाहताना मला दरवेळी एकच गोष्ट जाणवते. इथे शत्रू कुणीच नाही. कुणाबद्दल राग नाही, बदला नाही, काबीज करायची टेकडी नाही. समोर आहे तो एकोणीस-वीस वर्षांच्या पोराचा घामेजलेला हात आणि त्यातून झालेली चूक. तरीही जीव पणाला लागतो तो तेवढाच, पूर्ण.

या प्रकारच्या शौर्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, आणि बोललं जातं तेव्हा थोडं खालच्या पायरीवर ठेवून. म्हणून ते नेमकं काय असतं, त्याची नोंद कशी होते आणि ते दिसतं त्यापेक्षा अवघड का असतं, हे जरा सावकाश समजून घेऊ.

एक शब्द, दोन रांगा

सैन्यातल्या शौर्यपदकांची सगळी मांडणी एका प्रश्नावर उभी आहे: कृत्य घडलं तेव्हा शत्रू समोर होता का?

भारतात ‘हो’ असं उत्तर असेल तर परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही रांग. ‘नाही’ असेल तर अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र. दुसरी रांग ४ जानेवारी १९५२ रोजी सुरू झाली. तेव्हा तिन्हींचं नाव अशोक चक्रच होतं, फक्त वर्ग पहिला, दुसरा आणि तिसरा. आजची नावं १९६७ साली आली. ब्रिटनमध्ये शत्रूसमोरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस आहे, आणि शत्रू समोर नसतानाच्या शौर्यासाठी जॉर्ज क्रॉस. तो सप्टेंबर १९४० मध्ये सुरू झाला, लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडत होते त्या दिवसांत. अमेरिकेत सोल्जर्स मेडल आहे, १९२६ च्या कायद्यानं आलेलं. शत्रूशी प्रत्यक्ष संघर्ष नसताना दाखवलेल्या शौर्याचं ते पदक.

आता ‘खालची पायरी’ या समजुतीबद्दल. भारतातला मानाचा क्रम असा आहे: परमवीर चक्र, मग अशोक चक्र, मग महावीर चक्र, मग कीर्ती चक्र, मग वीर चक्र, मग शौर्य चक्र. म्हणजे दोन रांगा एकमेकींत विणलेल्या आहेत. शत्रू समोर नसताना मिळालेलं अशोक चक्र हे युद्धात मिळालेल्या महावीर चक्राच्या वर आहे, आणि कीर्ती चक्र हे वीर चक्राच्या वर. ब्रिटनमध्ये तर जॉर्ज क्रॉस आणि व्हिक्टोरिया क्रॉस यांचा मान बरोबरीचा. नियम करणाऱ्यांनी फरक केला तो प्रसंगाच्या जातीचा, धैर्याच्या वजनाचा नव्हे.

आपल्याकडे एक गोंधळ मात्र कायम होतो. अशोक चक्राच्या रांगेला बोलताना ‘शांतताकाळातली पदकं’ म्हणतात. पण अतिरेक्यांशी झालेल्या चकमकींतल्या पराक्रमाचा गौरवही याच रांगेत होतो. म्हणून यादी वाचताना बहुतेक नावांपुढे गोळीबार असतो, चकमक असते. राकेश शर्मा यांना अंतराळप्रवासासाठी १९८४ साली अशोक चक्र मिळालं, तेही याच रांगेतून. नीरजा भनोत तर सैनिकही नव्हत्या. कराचीत सप्टेंबर १९८६ मध्ये अपहरण झालेल्या विमानातल्या प्रवाशांना वाचवताना त्या गेल्या आणि मरणोत्तर अशोक चक्राच्या मानकरी झाल्या. एवढ्या निरनिराळ्या गोष्टी एकाच शीर्षकाखाली आल्यावर ज्यात एकही गोळी झाडली गेली नाही, आग लागली होती, नदी होती किंवा बर्फ होता, असं सन्मानपत्र वाचकाच्या नजरेतून सहज निसटतं.

सियाचेनमधली ती पहाट

१९ जुलै २०२३, पहाटेची वेळ. सियाचेनमधल्या एका तळावर दारूगोळ्याच्या साठ्यात शॉर्ट सर्किटनं आग लागली. पंजाब रेजिमेंटच्या २६व्या बटालियनचे वैद्यकीय अधिकारी कॅप्टन अंशुमन सिंह तिथे होते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले तरुण डॉक्टर. फायबरग्लासच्या एका निवाऱ्याला धुरानं वेढलं होतं आणि आत जवान होते. कॅप्टन सिंह आत शिरले, चार-पाच जणांना बाहेर काढलं. तोवर आग वैद्यकीय तपासणीच्या निवाऱ्यापर्यंत पोचली. तिथली औषधपेटी आणायला ते पुन्हा आत गेले. वारा जोराचा होता, आग भडकली, आणि त्यांना बाहेर पडता आलं नाही. त्यांना मरणोत्तर कीर्ती चक्र देण्यात आलं. जुलै २०२४ मध्ये राष्ट्रपती भवनात त्यांच्या पत्नीनं आणि आईनं ते स्वीकारलं.

बातमीत हे पाच ओळींत संपलं. त्या पाच ओळींत काय काय दडलंय ते पाहण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट धूर. आगीत माणसं भाजून मरतात त्यापेक्षा धुरानं जास्त मरतात. जळणाऱ्या वस्तूंना पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. एकदा धरलं की सहजासहजी सोडत नाही, आणि रक्तात प्राणवायूला जागाच उरत नाही. या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मग पाय ऐकत नाहीत, आणि आपल्याला काही होतंय हे कळायच्या आत निर्णय घेण्याची शक्ती जाते. उंचावर हवा आधीच विरळ, रक्तात प्राणवायू आधीच कमी. तिथे हे सगळं आणखी लवकर होतं. त्यात फायबरग्लास. काचेचे धागे जळत नाहीत, पण त्यांना बांधून ठेवणारं रेझिन जळतं आणि दाट काळा, विषारी धूर सोडतं. हात पुढे केला तर बोटं दिसू नयेत इतका दाट.

दुसरी गोष्ट पाणी. इतर कुठेही आग लागली की पहिली धाव पाण्याकडे. हिमनदीवर पाणी म्हणजे बर्फ, ते वितळवायला आधी इंधन जाळावं लागतं.

तिसरी गोष्ट दारूगोळा. तापलेला दारूगोळा कुणी चाप ओढायची वाट बघत नाही, ठरावीक तापमान ओलांडलं की आपला आपण फुटायला लागतो. म्हणूनच अशा आगीचा साधा नियम आहे: लांब व्हा.

आणि चौथी गोष्ट, जिच्यावर मी सगळ्यात जास्त थांबतो. ते दुसऱ्यांदा आत गेले ते एका पेटीसाठी. दुरून वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की पेटीसाठी कशाला? पण अशा तळावर दवाखाना म्हणजे ती पेटीच. जखमीला खाली न्यायचं तर हेलिकॉप्टर हवं, आणि हेलिकॉप्टर हवामानाच्या मर्जीवर. नुकतीच धुरातून काढलेली माणसं बाहेर बर्फावर पडलेली असताना डॉक्टरकडे औषधंच नसतील, तर त्यांना बाहेर काढण्याचा अर्थ काय उरला? कॅप्टन सिंह यांच्या मनात नेमकं काय होतं हे कुणी सांगू शकणार नाही, पण धुराचा परिणाम काय होतो हे त्या तळावर सगळ्यात चांगलं ठाऊक असलेला माणूस एक डॉक्टर होता, एवढं मात्र नक्की. तो अजाणतेपणानं आत गेला नाही.

सावकाश चालणारं धाडस

असं शौर्य म्हणजे क्षणाची ऊर्मी असं आपण धरून चालतो. ग्रेनेडच्या बाबतीत ते काहीसं पटतंही. पण भूसुरुंगाचं उदाहरण घ्या, तिथे घाई करणाराच मरतो.

६ सप्टेंबर २००६, अफगाणिस्तानातलं कजाकी धरण. ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटच्या एका जवानाचा पाय कोरड्या ओढ्यात सुरुंगावर पडला. तो सुरुंग तालिबाननं पेरलेला नव्हता. १९८० च्या दशकात सोव्हिएत फौजा तिथे होत्या, त्या काळातलं ते पेरणं. कुठे किती आहेत याचा नकाशा नाही, खुणा नाहीत. ज्यांनी पेरले ते केव्हाच निघून गेले होते. शत्रूच नाही, फक्त त्याची मागे राहिलेली जमीन.

कॉर्पोरल मार्क राइट वरच्या चौकीतून हे पाहून खाली धावले आणि सुरुंगक्षेत्र आहे हे माहीत असूनही जखमीजवळ गेले. तिथे पोचल्यावर त्यांनी जे केलं ते लक्षात घ्या. ज्यांची गरज नाही त्या सगळ्यांना त्यांनी मागे हटवलं. मग हेलिकॉप्टर उतरू शकेल अशा जागेपर्यंत वाट मोकळी करायला सांगितलं. ते करताना दुसऱ्या एकाचा पाय दुसऱ्या सुरुंगावर पडला. राइट त्याच्याकडे गेले. हेलिकॉप्टर आलं त्या सुमारास तिसरा सुरुंग फुटला आणि राइट स्वतः गंभीर जखमी झाले. त्यानंतरही एक सुरुंग फुटला. दोरीनं वर ओढून घेणारी हेलिकॉप्टरं येईपर्यंत काही तास गेले. तेवढा वेळ राइट पडल्या जागेवरून बाकीच्यांना धीर देत होते, सूचना देत होते. त्यांना उचललं गेलं, पण वाटेतच ते गेले. तिघांचे पाय गेले. राइट यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

सुरुंगक्षेत्रात चालणं म्हणजे काय, हे कळल्याशिवाय त्या दुपारचं वजन कळत नाही. पुढची जागा टोकदार सळईनं तिरकं टोचत तपासायची. सरळ वरून टोचलं तर सुरुंगाच्या माथ्यावर दाब पडतो, म्हणून तिरकं. एक वीत झाली की पुढची वीत. मित्र दहा पावलांवर रक्तबंबाळ होऊन हाका मारत असतो, आणि ती दहा पावलं धावत जाता येत नाहीत. शरीरातली प्रत्येक नस ‘धाव’ म्हणत असताना टोचत टोचत जायचं. आणि दुसऱ्यांना ‘येऊ नका’ असं ओरडून सांगायचं, आपल्याला मदतीची गरज असताना. राइट यांनी मागे हटवलेल्या माणसांतले किती जण त्या आदेशामुळे आज चालतेफिरते आहेत, हे मोजता येण्यासारखं नाही. न घडलेल्या अपघाताची नोंद कुठल्याच वहीत होत नसते.

त्याच अफगाणिस्तानात, ९ फेब्रुवारी २००८ च्या रात्री, ब्रिटनच्या रॉयल मरीन्सचे लान्स कॉर्पोरल मॅट क्राउचर एका संशयित घराच्या आवारात सहकाऱ्यांसह दबकत फिरत होते. नडगीला तार ताणली गेल्यासारखी वाटली आणि पाठोपाठ काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. तारेला बांधलेला ग्रेनेड होता तो. आडोसा कुठेच नव्हता. त्यांनी ओरडून इतरांना सावध केलं आणि पाठीवरची सॅक ग्रेनेडच्या बाजूला येईल अशा बेतानं स्वतःला त्यावर झोकून दिलं. स्फोटानं सॅकच्या चिंधड्या झाल्या. क्राउचर यांच्या नाकातून रक्त आलं, अंग बधिर झालं, पण ते जिवंत राहिले आणि सगळे सहकारी वाचले. त्यांनाही जॉर्ज क्रॉस मिळाला.

सॅकची ती दिशा मला फार बोलकी वाटते. ग्रेनेडचा धोका मुख्यतः किरचांचा. किरच हलकी असते, वेग प्रचंड असतो, पण दाट भरलेल्या सामानातून जाताना तिचा जोर लवकर ओसरतो. आपण मरणार हे धरून चाललेल्या माणसानंही त्या दोन-तीन सेकंदांत बचावाची एक बारीक फट शोधली. नुसती ऊर्मी असती तर सॅक कुठल्या बाजूला आहे याचा विचार सुचला नसता.

कर्तव्य कुठे संपतं?

पदक द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्यांपुढे खरा पेच हा असतो. जवानानं सहकाऱ्याला वाचवायचंच असतं, मग त्यात वेगळं काय?

अमेरिकेच्या सोल्जर्स मेडलच्या नियमात याचं थेट उत्तर आहे. केवळ कुणाचा तरी जीव वाचला एवढ्या आधारावर ते पदक देता येत नाही. कृती करणाऱ्यानं स्वतःहून, स्वतःचा जीव धोक्यात घातलेला असावा लागतो. पहिल्यांदा वाचताना हे कोरडं वाटतं. पण नीट पाहिलं तर तोलायचं काय ते यात अचूक पकडलंय: निष्पत्ती बाजूला ठेवा, त्या क्षणी त्या माणसापुढे दुसरा, सुरक्षित रस्ता होता का आणि तो त्यानं सोडला का, एवढं पहा. पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले कॉलिन पॉवेल नोव्हेंबर १९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये मेजर होते. त्यांचं हेलिकॉप्टर जंगलात कोसळलं. स्वतःचा घोटा मोडलेला असताना ते जळत्या हेलिकॉप्टरकडे परत गेले आणि आत अडकलेल्यांना बाहेर काढलं. त्यासाठी त्यांना सोल्जर्स मेडल मिळालं. ते बाहेर थांबले असते तर मोडलेल्या पायाच्या माणसाला कुणीही बोल लावला नसता.

याच पदकाची आणखी एक गोष्ट थोडी वाट सोडून आहे, तरी सांगतो. त्याच वर्षी मार्चमध्ये व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकी जवानच निःशस्त्र गावकऱ्यांना मारत होते. ह्यू थॉम्पसन या वैमानिकानं आपलं हेलिकॉप्टर जवान आणि गावकरी यांच्यामध्ये उतरवलं आणि गावकऱ्यांना सोडवलं. त्यांना आणि त्यांच्या दोन साथीदारांना सोल्जर्स मेडल मिळायला ३० वर्षं लागली, १९९८ साल उजाडलं. समोर शत्रू नव्हता, आपलीच माणसं होती, आणि ‘शत्रूशी संघर्ष नसताना’ या शब्दांत तेही बसलं.

बॉम्ब निकामी करणाऱ्यांचं काय? त्यांचं तर कामच ते. ब्रिटिश सैन्याचे स्टाफ सार्जंट ओलाफ श्मिड यांनी अफगाणिस्तानातल्या हेल्मंड प्रांतात पाच महिन्यांत ६४ बॉम्ब निकामी केले आणि ३१ ऑक्टोबर २००९ रोजी अशाच एका बॉम्बपाशी ते मारले गेले. या कामातला पाळायचा नियम असा की बॉम्बजवळ एकानंच जायचं. बाकी सगळे लांब, आडोशाला. सहकाऱ्यांचं रक्षण ही इथे ऊर्मी राहत नाही, ती कामाच्या पद्धतीतच बसवलेली आहे: धोका एका माणसावर गोळा करायचा, म्हणजे तो इतरांवर राहत नाही. पहिल्या बॉम्बकडे जाणं हे कर्तव्य, हे मान्य. चौसष्टाव्याकडे, थकलेल्या अंगानं, आदल्या आठवड्यात काय काय पाहिलंय ते डोक्यात घेऊन जाणं, याला नुसतं कर्तव्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जॉर्ज क्रॉस देणाऱ्यांनाही ते तसं वाटलं नाही.

भारतात हीच रेघ आणखी एका ठिकाणी दिसते. १९६१ पासून दिलं जाणारं जीवन रक्षा पदक हे मुळात सामान्य नागरिकांसाठी. बुडणाऱ्याला, आगीत अडकलेल्याला वाचवणाऱ्यांसाठी. सैनिकालाही ते मिळू शकतं, पण ते कृत्य त्याच्या कर्तव्याच्या बाहेरचं असेल तरच. सुट्टीवर घरी आलेल्या जवानानं विहिरीत पडलेलं मूल काढलं, तर त्याची नोंद इथे होऊ शकते.

वाचवणाऱ्याचं गणित

२२ मे २०२५. सिक्कीम स्काउट्सचे लेफ्टनंट शशांक तिवारी, वय २३, सैन्यात अधिकारी होऊन सहा महिनेही झाले नव्हते. उत्तर सिक्कीममध्ये त्यांची तुकडी लाकडी ओंडक्यांच्या पुलावरून जात असताना एका अग्निवीराचा पाय घसरला आणि तो प्रवाहात पडला. लेफ्टनंट तिवारींनी मागोमाग उडी घेतली. पाठोपाठ आणखी एक सहकारी उतरला. अग्निवीर वाचला. लेफ्टनंट तिवारी वाहून गेले. त्या वर्षी स्वातंत्र्यदिनाला त्यांना मरणोत्तर कीर्ती चक्र जाहीर झालं.

पोहणाऱ्याला वाटतं की पोहता येतं म्हणजे वाचवता येतं. डोंगरातल्या नदीचे नियम वेगळे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा रेटा चौपट होतो. बर्फ वितळून आलेल्या गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटाभरात श्वासावर ताबाच राहत नाही. माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. पुढच्या दहा-एक मिनिटांत हातापायांतला जोर जातो. म्हणून बचावाच्या प्रशिक्षणात क्रम ठरलेला असतो: आधी काठी किंवा हात पुढे करा, मग दोर फेका, होडी असेल तर होडी न्या, आणि काहीच नसेल तेव्हाच पाण्यात उतरा. पाण्यात उतरणं हा शेवटचा पर्याय, कारण एकाचे दोन बुडालेले व्हायला वेळ लागत नाही.

मग लेफ्टनंट तिवारी चुकले का? मला तसं मुळीच वाटत नाही. वाहत्या पाण्यात माणूस डोळ्यांदेखत लांब जातो आणि दोर सोडवेपर्यंत तो नजरेआड झालेला असतो. नियम हे सरासरी प्रसंगासाठी असतात. तो प्रसंग आपल्या वाट्याला आला तेव्हा तुकडीचा प्रमुख कोण होता, आणि पडलेला पोरगा कुणाच्या जबाबदारीवर होता, हे त्या २३ वर्षांच्या अधिकाऱ्यानं एका क्षणात ओळखलं.

पण या गणिताची दुसरी बाजूही सैन्यात शिकवली जाते, आणि ती शिकवणं तितकंच गरजेचं आहे. जखमीकडे धावणारा दुसरा, त्याच्याकडे धावणारा तिसरा, अशी साखळी लागली तर तुकडी संपते. म्हणून कुणीतरी ‘थांबा’ म्हणावं लागतं. फायरिंग रेंजवर काही धोकादायक दिसलं तर कुणीही, अगदी नवा जवानसुद्धा, ओरडून गोळीबार थांबवू शकतो. वरिष्ठ समोर उभे असताना, सगळा कार्यक्रम आखलेला असताना, कदाचित आपलीच चूक ठरेल या भीतीवर मात करून तोंड उघडायला जे लागतं, ते मी याच शौर्याचं धाकटं भावंड मानतो. त्याला पदक मिळत नाही.

पदकाची शिफारस कशी होते, ते थोडक्यात. प्रत्यक्ष पाहिलेल्यांचे जबाब घेतले जातात, तुकडीचा प्रमुख शिफारस लिहितो, ती एकेक पायरी चढत सैन्याच्या मुख्यालयात आणि तिथून संरक्षण मंत्रालयात जाते. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन या दोन प्रसंगी नावं जाहीर होतात, आणि पुढे राष्ट्रपती भवनात समारंभ होतो. त्या समारंभात एक अधिकारी सन्मानपत्र वाचून दाखवतो, आणि मरणोत्तर असेल तर आई, वडील किंवा पत्नी पुढे येऊन उभी राहते. ते वाचन संपेपर्यंत तिथे उभं राहणं किती कठीण असेल, हे त्या चेहऱ्यांवर दिसतं.

गणवेशावर ही पदकं ओळखायची खूण सोपी आहे. परमवीर चक्राची फीत नुसती जांभळी. अशोक चक्राच्या रांगेतल्या तिन्ही फिती गडद हिरव्या, आणि त्यांवर उभ्या केशरी रेषा. एक रेषा म्हणजे अशोक चक्र, दोन म्हणजे कीर्ती चक्र, तीन म्हणजे शौर्य चक्र. कॅप्टन सिंह आणि लेफ्टनंट तिवारी या दोघांच्या फितीवर दोन रेषा आहेत.